प्रेसच्या मशीनचा स्टार्टअप : कामाच्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार

काल विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान. आज सकाळीच प्रेसवरून काकांचा फोन. "अरे, मशीन लवकर चालूच होत नाही. आता पत्रकांचं काम येईल, तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू. दिवाळीच्या आत काय ते बघ."

बार्शीतली जुनी ऑफसेट प्रेस. कंपोझिंगचं मशीन, म्हणजे संगणक, एकच. आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज १०. म्हणजे २०११-१२ च्या सुमाराचा माल, विंडोज तेवढी नंतर चढवलेली. त्यावर डिझाइनसाठी कोरल, डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि एका जुन्या गिऱ्हाइकासाठी जपून ठेवलेला, पानं जुळवायचा पेजमेकर. ऑपरेटर ताई सकाळी आल्या की आधी मशीनचं बटण दाबतात, मग झाडलोट, मग छपाई मशीनला हळदकुंकू आणि उदबत्ती. हा क्रम भक्तीचा नाही, संगणकाच्या वेगाचा आहे हे त्यांनीच सांगितलं.

काहीही हलवायच्या आधी मोजमाप. डेस्कटॉप दिसला म्हणजे मशीन चालू झालं, असं आपण धरतो. ताईंच्या लेखी कोरल उघडून कालचा जॉब समोर आला की मशीन चालू. तेच धरलं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून चार टप्पे केले:

अ. बटण दाबल्यापासून विंडोजचं चक्र दिसेपर्यंत : ४८ सेकंद
ब. तिथून डेस्कटॉप : १ मि. ५२ से.
क. डेस्कटॉपपासून डिस्कचा लाल दिवा शांत होईपर्यंत : ४ मि. ४० से.
ड. कोरल आणि जॉब : २ मि. ३५ से.

एकूण ९ मि. ५५ से. काकांची तक्रार अगदी बरोबर.

स्टॉपवॉचवर भागवायचं नाही म्हणून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, तीही पाहिली. त्यात डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्सच्या लॉगमध्ये १०० क्रमांकाच्या नोंदी असतात. प्रत्येक बूटला किती मिलिसेकंद लागले, त्यातले डेस्कटॉपपर्यंत किती आणि नंतर किती, हे विंडोज स्वतःच लिहून ठेवते. ब आणि क चे माझे आकडे त्याच्याशी जवळपास जुळले. अ मात्र तिथे नसतो, तो बोर्डाचा स्वतःचा वेळ. आणि ड बद्दल विंडोजला काही देणंघेणं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

डिस्कची तब्येत पाहिली. ती सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळ्यात, म्हणजे इशारा. सी५, म्हणजे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे), शून्य हवेत ते शून्य नाहीत. असा सेक्टर वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि तेवढे सेकंद सगळं मशीन गोठतं. ताई म्हणाल्याच, "मधेच माउस हलतो पण काही उघडत नाही."

आता वेगाचं काम बाजूला, आधी बॅकअप. डी ड्राइव्हवर दहा-बारा वर्षांचे जॉब आहेत, गावातल्या निम्म्या घरांच्या पत्रिका. एकाच घरातल्या थोरल्याची पत्रिका काढून धाकट्याचं नाव घालायचं काम इथे नेहमीचं, त्यामुळे जुनी फाइल म्हणजे भांडवल. बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावून आलो.

एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, लागणार हे नक्की झालं. सोलापूरला सांगून ठेवली, ४८० जीबी, तीन हजारांच्या आसपास. काका म्हणाले, "मग एसएसडी टाकली की झालं ना?" ती यायला आठवडा आहे. तेवढ्यात एसएसडीने जे सुटणार नाही ते शोधून ठेवतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

अ टप्पा. आज सकाळी मुद्दाम ताईंच्या शेजारी उभा राहिलो. बटण दाबलं, काळा पडदा: तारीख-वेळ सेट नाही, सेटअपसाठी एफ१, डिफॉल्ट घेऊन पुढे जायला एफ२. ताईंनी पडद्याकडे न बघताच एफ२ दाबलं आणि केरसुणी घेतली. ४८ सेकंदांत ही थांबणूक धरलेलीच नव्हती. ताई मागच्या खोलीत असल्या तर मशीन तिथेच उभं.

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून मीटर लावला, २.४ व्होल्ट. नवा असताना तीनच्या वर हवा. काका रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात, कारण कधीतरी शॉर्ट सर्किट झालं होतं. प्लग चालू असला की पॉवर सप्लायचा स्टँडबाय करंट घड्याळ जपतो, मेन पाडला की सगळा भार त्या सेलवर. तो मेलेला, म्हणून रोज सकाळी बायोस, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्ज, कोरा.

कोऱ्या बायोसमुळे आणखी दोन गोष्टी होत होत्या. या बोर्डाच्या डिफॉल्टमध्ये नेटवर्क बूट पहिल्या नंबरावर आहे. म्हणजे मशीन रोज आधी लॅनच्या वायरीवर 'मला कोणी बूट करतंय का' विचारायचं, राउटर आयपी द्यायचा पण बूट फाइल कुठून देणार, मग पीएक्सई-ई५३ ची ओळ (बूट फाइल मिळाली नाही) येऊन गाडी डिस्ककडे वळायची. वीस-एक सेकंद त्यातच.

दुसरी गोष्ट, घड्याळ मागे गेल्यामुळे ब्राउझरला वेबसाइटची प्रमाणपत्रं भविष्यातली वाटतात आणि व्हॉट्सअॅप वेब उघडत नाही. मॅटर तर सगळं व्हॉट्सअॅपवरच येतं. ताई रोज तारीख हाताने बदलत होत्या आणि नेटवाल्याला शिव्या देत होत्या.

नवा सेल घातला. नेटवर्क बूट बंद, डिस्क पहिली, तारीख बरोबर. अ आता २४ सेकंद, आणि एफ२ नाही. पन्नास रुपयांच्या आतलं काम.

साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी बोलतो ती पद्धत, जुन्या आयडीईवर आहे. एसएसडीसाठी नवी एएचसीआय हवी, पण आत्ता हात लावत नाही. सेल बदलायच्या आधी कोणी तो बदलला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बायोस पुन्हा आयडीईवर आणि विंडोज निळ्या पडद्यावर.

२० ऑक्टोबर, रविवार

प्रेस बंद, मशीन माझ्या ताब्यात. क टप्पा.

टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत सापडलेली मंडळी: प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारा मदतनीस (तो प्रिंटर मोडीत गेलाय), पीडीएफ वाचकाचा अपडेटर, दोन ब्राउझरांचे पार्श्वभूमी अवतार, न वापरलेली क्लाउड सिंक, चॅटचं अॅप आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस. हा शेवटचा सगळ्यात वाईट. स्वतः काम करत नाही, पण नोंदलेला असल्यामुळे विंडोजचा डिफेंडर बाजूला बसलेला. तो मुळापासून काढला, डिफेंडर चालू केला. बाकीचे बंद. डोंगलच्या सॉफ्टवेअरला हात लावला नाही, त्याची सीडी कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही.

एक झेड ड्राइव्ह जोडलेला दिसला. पूर्वी शेजारच्या टेबलावर दुसरं मशीन होतं, त्याचं शेअर केलेलं फोल्डर. ते मशीन भंगारात गेलं, ड्राइव्ह मात्र रोज सकाळी त्याला हाका मारतोय. कोरलचा 'ओपन'चा डायलॉगही शेवटच्या जागेसाठी तिकडेच बघत होता. काढला.

विंडोज कशी सुरू व्हावी ते ठरवणारं एमएसकॉन्फिग उघडलं तर बूटच्या प्रगत पर्यायांत 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'वर टिक आणि समोर २. विचारलं तर काकांच्या पुतण्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून केलेलं, 'स्पीड डबल'. ही टिक नसली की विंडोज आहेत ते सगळे प्रोसेसर वापरतेच. टिक लावून आकडा दिला, तर तेवढ्यावरच मर्यादा येते. या प्रोसेसरला दोन कोर, चार थ्रेड, म्हणजे अर्धे बंद करून ठेवले होते. त्याच व्हिडिओतला दुसरा उपाय म्हणजे प्रीफेच फोल्डर दर आठवड्याला रिकामं करायचं. बूटच्या वेळी कुठल्या फाइली लागतात याची विंडोजने केलेली टिपणं त्यात असतात. ती पुसली की पुढचा बूट उलट हळू. रजिस्ट्री क्लीनरही होता, तोही गेला. मला या व्हिडिओंचं नवल वाटत नाही, खाली 'धन्यवाद सर, फरक पडला' लिहिणाऱ्यांचं वाटतं.

फास्ट स्टार्टअपचा पर्याय गायब आहे. सी ड्राइव्ह भरला म्हणून कोणीतरी हायबरनेशनच बंद करून, त्याची मोठी फाइल उडवून जागा मोकळी केलीय, आणि फास्ट स्टार्टअप त्याच फाइलवर जगतो. शट डाउन करताना विंडोज आपला गाभा त्या फाइलीत लिहून ठेवते आणि सकाळी तोच उचलते. वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम मात्र त्यात नसतात, ते नव्यानेच चढतात. म्हणजे फायदा झाला तर ब मध्ये, आणि आपलं दुखणं क मध्ये. आहे तसंच राहू दे.

क आता २ मि. ५० से., ब १ मि. ४५ से. डिस्क तीच असेतो याहून खाली जाईल असं वाटत नाही. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात सुई सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद. धरून चाला बारा-तेरा. म्हणजे विखुरलेले तुकडे सेकंदाला ऐंशीच्या आसपास. आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली डिस्कभर पसरलेल्या. पाकिटावरचा 'इतके एमबी प्रति सेकंद' हा आकडा इथे कामाचा नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

ड टप्पा, म्हणजे कोरल. प्रेसबाहेरच्या कोणाला हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेला.

आधी प्रिंटर. लेझर प्रिंटर नेटवर्कवर आहे, डिफॉल्ट आहे, आणि ताई तो दुपारी ट्रेसिंग काढायच्या वेळी चालू करतात. कोरल उघडताना डिफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतं. प्रिंटर बंद, उत्तर नाही, तोवर स्प्लॅश स्क्रीन तशीच. डिफॉल्ट बदलून 'प्रिंट टू पीडीएफ' केलं, २ मि. ३५ से. वरून १ मि. ५८ से. ताईंनी लगेच हरकत घेतली. "मग मी प्रत्येक वेळी प्रिंटर निवडत बसू? घाईत कोरी पीडीएफ निघायची." मुद्दा रास्त. तोड अशी: डिफॉल्ट लेझरच, पण सकाळी मशीनच्या आधी प्रिंटरचं बटण. वेळ तेवढीच लागते, मोजून पाहिली. विंडोजने आपल्या मनाने डिफॉल्ट बदलायची टिक काढून टाकली.

मग फॉन्ट. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये तीन हजारांवर. प्रेसमध्ये फॉन्ट काढून टाकत नाहीत, येतात आणि राहतात. कृतिदेव, श्री-लिपी, शिवाजी, कोणीतरी दिलेल्या सीडीवरचे इंग्रजी, एकाच फॉन्टच्या तीन-तीन प्रती वेगळ्या नावांनी. कोरल सुरू होताना या सगळ्यांची हजेरी घेतं.

काढायचे म्हटल्यावर ताईंचा चेहरा उतरला. कारण उघड आहे. ही जुनी मराठी मॅटरं युनिकोडमध्ये नाहीत. अक्षरं आतून इंग्रजीचीच, अंगावर मराठी फॉन्टचा कपडा. तो फॉन्ट नसला की पत्रिकेच्या माथ्यावर '॥ श्री गणेशाय नमः ॥' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ येतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना असं झालं तर पंचाईत.

म्हणून अंदाजाने काही काढलं नाही. गेल्या लग्नसराईतल्या, निवडणुकीतल्या आणि दिवाळी जाहिरातींच्या फाइली उघडल्या. कोरलच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये त्या फाइलीत वापरलेले फॉन्ट दिसतात, ते वहीत उतरवत गेलो. ताई शेजारून सांगत होत्या: हा नावांना, हा 'आमचे येथे श्रीकृपेकरून'ला, हा आहेर न आणण्याच्या ओळीला, हा फक्त एका मंडळाच्या वर्गणी पावतीला. हळूहळू कळलं की तीन हजारांतून रोज हात जातो तो साठ-सत्तरवर.

विंडोजचे स्वतःचे, म्हणजे निर्मला, मंगल, सीगो वगैरे, तसेच ठेवले. ताईंच्या वहीतले ठेवले. वर्षभरात कधीतरी लागणारेही ठेवले. एकूण चारशेच्या आत. बाकी सगळे डी वर 'फॉन्ट कपाट' फोल्डरमध्ये, कुळांनुसार. जुनी फाइल उघडून गोंधळ दिसला, तर कपाटातून तेवढा फॉन्ट राइट क्लिक करून इन्स्टॉल. ताईंकडून करवून घेतलं, जमलं.

कोरल आता १ मि. ५ से.

आजची बेरीज ६ मि. ४ से. नवीन वस्तू म्हणाल तर एक सेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार, रात्री

एसएसडी आली. विंडोज नव्याने टाकायची माझी इच्छा होती, पण डोंगलच्या सॉफ्टवेअरची सीडी नाही म्हटल्यावर क्लोनच, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल.

अडचण दोन ठिकाणी. जुनी डिस्क ५००, नवी ४८०. नक्कल करणारं क्लोनझिला लहान डिस्कवर उतरवायला नकार देतं. डी चा बॅकअप आधीच आहे, तो उघडून, मधल्या पाच-पन्नास फाइली चालवून तपासला आणि मग डी पार्टिशनच उडवलं. उरला सी आणि बूटचा छोटा तुकडा, दोन्ही डिस्कच्या सुरुवातीला. क्लोनझिलाच्या एक्स्पर्ट मोडमध्ये 'आकार तपासू नको' हा पर्याय निवडला. दुसरी अडचण खराब सेक्टरांची, त्यासाठी रेस्क्यूचा पर्याय, म्हणजे वाचता न आलेला तुकडा सोडून पुढे जा. लावून घरी आलो.

२७ ऑक्टोबर, रविवार

क्लोन पूर्ण. जुनी डिस्क काढूनच मशीन चालू केलं. दोन्ही डिस्कची सही (ओळख क्रमांक) एकच असते, एकत्र लावल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करते आणि पुढे घोळ. चेकडिस्क (डिस्कची तपासणी) आणि एसएफसी (विंडोजच्या फाइलींची तपासणी) चालवून घेतलं. एसएफसीने काही फाइली दुरुस्त केल्याचं सांगितलं.

मग एएचसीआय. एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची टिक, रीस्टार्ट, बायोसमध्ये आयडीईचा एएचसीआय, सेफ मोडमध्ये एकदा वर येऊ दिलं, टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये विंडोज दोन्ही जातीचे ड्रायव्हर चढवते, म्हणून ही वाट. ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवायची सोय) चालू आहे का ते एफएसयूटिल या आज्ञेने पाहिलं, उत्तर शून्य, म्हणजे चालू. उरलेल्या जागेत पुन्हा डी, अक्षर तेच ठेवलं म्हणजे कोरलचे जुने रस्ते मोडत नाहीत. माझ्याकडच्या एका मोडीतल्या मशीनमधली ४ जीबी डीडीआर३ रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली.

एच६१ वर साटा २ च आहे, ३ गिगाबिट. पाकिटावर लिहिलेला वेग इथे कधीच मिळणार नाही. काकांनी पाकीट वाचून विचारलंच. दुसरा बोर्ड घेण्याइतका फरक सकाळच्या वेळेत पडत नाही म्हणून सांगितलं.

अ २२ से., ब १९ से., क २४ से., ड २१ से. एकूण १ मि. २६ से.

कुतूहल म्हणून कपाटातले सगळे फॉन्ट परत इन्स्टॉल करून कोरल उघडलं. ४१ सेकंद. म्हणजे एसएसडीने फॉन्टचं ओझं झाकलं असतं, उचललं नसतं. आणि बंद प्रिंटरची वाट तर तिनेही तेवढीच बघितली असती. पुन्हा काढले.

जुन्या डिस्कवर 'वापरू नये, सी फक्त' असं लिहून काकांच्या कपाटात.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

ताईंचा मेसेज: तारीख बरोबर, व्हॉट्सअॅप उघडलं, पहिलं पत्रक साडेनऊला प्रूफला. अजून एक तक्रार, पेजमेकर उघडताना डिफॉल्ट प्रिंटर नाही म्हणतो. प्रिंटर आधी चालू करायचा राहिला होता.

काकांशी पुढच्या खर्चाचं बोलून घेतलं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, हे मशीन दुसऱ्या पिढीचं, त्यामुळे अधिकृतपणे बसत नाही. म्हणून यात आता रुपया घालायचा नाही. नवीन मशीन घेऊ तेव्हा एसएसडी तिकडे जाईल. डोंगलवाल्या कंपनीशी मात्र आत्तापासून बोलायला हवं, ते काकांकडे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

परवा निकाल लागला. महिनाभर मशीन सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत. पत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावंच लागतं, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १२७-क. त्या ओळीचा फॉन्ट वहीत राहून गेला होता, ताईंनी पहिल्याच दिवशी कपाटातून काढून घेतला आणि मला नंतर सांगितलं.

इव्हेंट १०० च्या नोंदी महिनाभराच्या चाळल्या. आकडा स्थिर.

१४ डिसेंबर, शनिवार

लग्नसराई जोरात. क २४ सेकंदांवरून ३८ वर गेलेला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०१ ची नोंद, म्हणजे कुठला तरी प्रोग्रॅम सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतोय, आणि नावही दिलेलं: नव्या लेझर प्रिंटरच्या ड्रायव्हरबरोबर आलेला मदतनीस. काकांनी जुना लेझर बदलला, बसवणाऱ्याने सीडीवरचं सगळं 'नेक्स्ट नेक्स्ट' करत टाकलं. ड्रायव्हर ठेवला, मदतनीस काढला, शेड्यूल्ड टास्कमध्ये त्याचा एक भाऊ होता तोही काढला. पुन्हा २४.

बसवणाऱ्याचा नंबर घेतलाय. पुढच्या वेळी नुसता ड्रायव्हर टाक म्हणून सांगायचं.